भाजल्या मिरचीला पाणी नको

स्तोयांकाच्या बोटांना ठसे नव्हते. मुलीकडे ऑस्ट्रियाला जायचं म्हणून ती पासपोर्ट काढायला लेस्कोवात्स शहरात गेली, तेव्हा कचेरीतली पोरगी तिची बोटं काचेवर दाबून दाबून थकली. काही केल्या ते यंत्र बोट ओळखेना. "तुम्ही आयुष्यभर करता तरी काय हो?" पोरीने वैतागून विचारलं. "मिरच्या सोलते," स्तोयांका म्हणाली, आणि अशा ऐटीत म्हणाली की रांगेतल्या माणसांना वाटलं, ही कुठली तरी मोठी अधिकारी असावी.

ऐट तिच्यात होतीच, आणि ती फुकटची नव्हती. मोराव्हा नदीच्या ह्या काठावर आमच्या क्रुश्कोवात्स गावात चेदोमिरचा आयवारचा कारखाना आहे. तिथे ती सोलणाऱ्या बायकांची मुकादम होती. लाल गोड मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि तेलात ढवळून ढवळून त्यांचा घट्ट गर करायचा, तो आयवार. ज्या घराच्या फळीवर त्याच्या बरण्या नाहीत, त्या घराला हिवाळ्यात आमच्याकडे कोणी घर म्हणत नाही.

सप्टेंबर लागला की कारखान्याच्या आवारात गोण्यांचे ढीग पडायचे. बीच झाडाच्या लाकडांवर पत्रे तापायचे, त्यांवर मिरच्या काळ्या पडून फुगायच्या, मग झाकणाच्या पातेल्यात थोडा वेळ वाफेवर बसायच्या. आणि लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका त्या हाताने सोलायच्या. गरम असतानाच, कारण गार झाली की साल पुन्हा गराला धरते. आणि कोरड्याच, कारण पाण्यात बुडवली की साल चटकन सुटते, पण तिच्याबरोबर धुराचा वासही जातो आणि चवही जाते. पाणी न लावणं हा स्तोयांकाचा धर्म होता. चर्चचे उपास ती कधीमधी चुकवायची, हा नियम कधी चुकवला नाही.

शेजारची रुमेना नवी नवरी होऊन गावात आली, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच दिवशी तिची बोटं पोळली. तिने इकडेतिकडे बघून एक मिरची हळूच वाडग्यातल्या पाण्यात बुडवली. स्तोयांकाने तिच्या हातावर अशी चापट मारली की वाडगा उलटा झाला.

"भाजल्या मिरचीला पाणी नको! परत पाण्याजवळ दिसलीस ना, तर हात तोडून तुझ्या सासूकडे पाठवीन!"

रुमेना आधी रडली, मग टेबलावरच्या बाकीच्या हसल्या तशी तीही हसली, आणि त्या दिवसापासून स्तोयांकाच्या उजव्या हाताला बसायला लागली. ती जागा पुढे कोणी दुसरीने घेतली नाही. दोघींची घरंही एकाच कुंपणाला लागून होती, त्यामुळे भांडायलाही लांब जावं लागत नसे.

कारखान्याचा हंगाम ओसरला की गावातल्या घरोघरच्या मिरच्यांची पाळी यायची. एकेका अंगणाचा एकेक दिवस. त्यासाठी कोणी कोणाला बोलवत नाही. अंगणातून धूर निघाला की बायका आपापलं स्टूल काखोटीला मारून येतात, यजमानीण कॉफी देते, आणि संध्याकाळपर्यंत तिचा वर्षाचा आयवार सोलून होतो. दुसऱ्या दिवशी तीच टोळी पुढच्या अंगणात. स्तोयांकाचा नवरा गेला, मुलगी परदेशी गेली, पण तिच्या फळीवरच्या बरण्या कधी कमी झाल्या नाहीत. माणसं नसली तरी बायका होत्या.

चेदोमिर तिचा नुसता मालक नव्हता, कूमही होता. त्याचा बाप स्तोयांकाच्या लग्नात कूम म्हणून उभा राहिला होता, म्हणजे चर्चमध्ये नवरानवरीच्या डोक्यावर मुकुट चढतात तेव्हा पाठीशी उभा राहणारा साक्षीदार. ते नातं एका माणसापुरतं राहत नाही, घराण्याला चिकटतं. सख्ख्या भावाशी बांधावरून मारामारी केली तरी चालते, कुमाला मात्र वाकडा शब्द बोलायचा नाही आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. चेदोमिर तिला "कुमा", म्हणजे बाई कूम, म्हणून हाक मारायचा, आणि बाकीच्या बायकांना पगारवाढ हवी असली की त्या तिलाच पुढे करायच्या.

हा चेदोमिर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गावाने त्याला वेळीच ओळखलं असतं. तो चार माणसांत हलकं पडायला भिणारा माणूस होता, आणि असा माणूस काय करून बसेल ह्याचा अंदाज कोणालाच येत नाही.

परदेशातून मागणी वाढली, तशी त्याने यंत्रं घ्यायचं मनात आणलं. हंगामाच्या शेवटाला यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा एक इंजिनियर आला. तरुण, चष्मा लावलेला, नवेकोरे बूट घातलेला. बायका गालातल्या गालात हसल्या, आता हा शहाणा आपल्याला मिरची म्हणजे काय ते शिकवणार. पण तो काही शिकवायला आला नव्हता. तो दुपारभर टेबलाच्या टोकाशी उभा राहून बघत राहिला. मग त्याने गोणीतल्या मिरच्या जमिनीवर ओतून ओळीने मांडल्या आणि चेदोमिरला बोलावलं. स्तोयांका शेजारीच सोलत होती. तिने हात चालू ठेवले आणि कान तिकडे लावले.

"तीन पायऱ्या आहेत," इंजिनियर म्हणाला. "पहिली म्हणजे भाजायला फिरता ढोल आणि शेवटी बरण्या भरून झाकणं लावायचं यंत्र. मधलं सगळं आत्ता आहे तसंच, सोलायचं हातानेच. दुसरीत सोलायलाही मशीन, पण पुढे सरकत्या पट्ट्याशी बायका बसतात, राहिलेली सालं वेचतात. तिसरी संपूर्ण ऑटोमॅटिक. इकडून गोणी ओता, तिकडून खोकी उचला. एक माणूस आणि एक स्क्रीन, बस्स."

"मग आम्हाला कुठली?"

"पहिली."

चेदोमिर थांबला. विकणारा माणूस स्वस्तातली वस्तू घ्या म्हणतो, हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"बघा ना," इंजिनियर खाली बसत म्हणाला, "ही वाकडी, ही चपटी, ही बोटभर, ही वीतभर. तुमची मिरची गावागावांतून येते, ती अशीच येणार. हाताला त्याचं काही वाटत नाही. मशीनला सगळी एका मापाची लागते. आणि मशीन सोलतं ते पाण्याच्या फवाऱ्याने. तुमची बरणी लोक कशासाठी घेतात ते मी तुम्हाला काय सांगू? उद्या खरंच माल वाढला तर दुसरी पायरी बघू. तिसरी तुमच्यासाठी नाहीच."

"म्हणजे मला झेपणार नाही, असंच ना?"

"झेपायचा प्रश्न नाही हो. बूट पायाच्या मापाचा घ्यावा, एवढंच."

चेदोमिर हसला, पण त्याची मान लाल झाली होती. नदीपलीकडे त्याचा मेहुणा वेलिबोर हाच धंदा करायचा, आणि गेल्याच वर्षी त्याने दुसरी पायरी घेतली होती. मेहुण्याच्या खालची पायरी घ्यायची म्हणजे बायकोच्या सगळ्या माहेरासमोर एक पायरी खाली बसायचं. हे त्या चष्म्यावाल्याला कोण सांगणार?

स्तोयांकालाही पहिली पायरी रुचली नाही, पण तिचं कारण वेगळं होतं. तिची बोटं आता रात्री ठणकायची. कोबीची पानं बांधून, ताकात बुडवून, सगळं करून झालं होतं. पट्ट्याशी खुर्चीत बसून नुसती सालं वेचायची, हातमोजे घालून, हे तिला स्वर्गासारखं वाटलं. टेबल तेच, बायका त्याच, गप्पा त्याच, फक्त आग नाही. तिने मनातल्या मनात दुसरी पायरी पक्की केली आणि कोणाला बोलली नाही. तेवढं तिने बोलायला हवं होतं. पण बोटं दुखतात असं मुकादमीण कशी म्हणणार?

डिसेंबरात संत निकोलसच्या दिवशी चेदोमिरच्या घराची स्लाव्हा असते. घराण्याच्या संताचा हा सण. दिवसभर जाडजूड मेणबत्ती तेवत असते, गोल पाव वाइन शिंपडून कापतात, उकडलेला गोड गहू फिरतो. उपासाचा महिना म्हणून मांस नाही, पण कार्प मासा आणि भट्टीतला घेवडा असा की मांसाची कोणी आठवणही काढू नये. स्लाव्हाचंही बोलावणं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि एकदा आला की मेणबत्ती जळतेय तोवर त्याला दुखवायचं नाही. वेलिबोरही आला. खाऊनपिऊन त्याने खुर्ची मागे सरकवली आणि हळूच सुरू केलं.

"काय दाजी, ऐकलं ते खरं का? इंजिनियरने तुम्हाला पहिली पायरी दिली म्हणे. बरोबर आहे, बरोबर आहे. मुलाला पहिली सायकल तीन चाकांचीच द्यावी."

टेबलावरची माणसं हसली. चेदोमिरला शिवी हासडता येईना, कारण मेणबत्ती जळत होती. त्याला उठून जाता येईना, कारण घर त्याचंच होतं. त्याने पेला भरला, पुन्हा भरला, आणि टेबलाच्या मानाच्या जागी बसलेल्या स्तोयांकाकडे वळला.

"तूच सांग कुमा. मिरचीतलं तुझ्यापेक्षा जास्त ह्या टेबलावर कोणाला कळत नाही. कुठली घेऊ?"

दुसरी, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दुसरी म्हणजे वेलिबोरची. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो घेवडा चघळत वाट बघत होता, दाजी आता आपली नक्कल करणार म्हणून त्याचे डोळे आधीच चमकले होते. आणि स्तोयांकाच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या कुमाच्या घरात, त्याच्याच संताच्या दिवशी, हा कोण टिकोजीराव?

"घ्यायचीच तर अर्धी कशाला?" ती म्हणाली. "पूर्ण घ्या. लोकांना बघू दे."

टाळ्या पडल्या. चेदोमिरने टेबलावर मूठ आपटली, पेले नाचले, आणि तिसरी पायरी ठरली. वेलिबोरचं तोंड उतरलं. तेवढ्या एका क्षणाच्या मजेसाठी हा सगळा व्यवहार झाला, दुसरं काहीही कारण नव्हतं. आमच्याकडे घरं अशीच बांधली जातात, विहिरी अशाच खोदल्या जातात. समोरच्याचं तोंड उतरलं की पैसे वसूल.

टाळ्या थांबल्यावर स्तोयांका भानावर आली. "आणि चेदो, माझ्या बायका?"

"एकही बाई जाणार नाही," चेदोमिर म्हणाला. त्याने मेणबत्तीकडे हात केला. "हिच्यासमोर सांगतो."

तेव्हा ते त्याच्या मनापासून आलं होतं. तिने ते तसंच उचललं आणि दुसऱ्या दिवशी घरोघर पोचवलं. कोणी कुरकुरलं की म्हणायची, "कुमाने स्लाव्हाच्या मेणबत्तीसमोर शब्द दिलाय. आणि त्याच्या मागे मी उभी आहे. आणखी काय हवं?" रुमेनाने एकदाच विचारलं, "अगं पण गोणी ओतली की खोकीच निघणार, तर आपण बसायचं कुठे?" स्तोयांकाने तिला झाडलं, "तू बस माझ्या मांडीवर!" दोघी पोट धरून हसल्या.

उन्हाळ्यात मशीन आलं. जुन्या टेबलाच्या फळ्या आवारात रचल्या गेल्या, आणि त्या जागी भिंतीपासून भिंतीपर्यंत चकचकीत पोलादाची रांग उभी राहिली. उद्घाटनाला पाद्री आला, त्याने यंत्रावरही पाणी शिंपडलं. सप्टेंबरात पहिल्या गोण्या ओतल्या, आणि पहिल्याच दिवशी एक वाकडी मिरची कुठेतरी अडकून सगळं ठप्प झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस हळहळून म्हणाला की यंत्रात दोष नाही, मिरचीत आहे. तेव्हा चेदोमिरने गावातली मिरची घेणं बंद केलं आणि लांबच्या काचघरांतून एका मापाची, एका रंगाची, पाणचट मिरची ट्रकने मागवली. गावातल्या गोण्या फाटकावरून परत गेल्या. त्या गोण्यांमध्ये रुमेनाच्या नवऱ्याच्याही होत्या.

बायकांना आधी झाडलोट दिली. मग खोकी उचलायला दिली. मग खोकी उचलणारं यंत्रही त्या रांगेतच आहे हे लक्षात आलं. चेदोमिर आठवडाभर कोणाच्या नजरेला नजर देईना, आणि शेवटी एका दुपारी त्याने हिशेबनीसाकरवी निरोप धाडला की उद्यापासून यायची गरज नाही. स्वतः आला नाही. स्तोयांका तडक त्याच्या ऑफिसात शिरली.

"चेदो, मेणबत्तीसमोर काय म्हणाला होतास?"

"कुमा, ऐक..."

"काय म्हणाला होतास?"

"म्हणालो होतो! म्हणालो होतो गं!" तो ओरडला, आणि मग एकदम त्याचा आवाज बसला. "पण चल, तूच चल माझ्याबरोबर, त्या रांगेत बाईला बसायला जागा कुठे आहे ते दाखव. दाखव, आणि मी बसवतो. त्यात जागाच नाही, कुमा. जागा ठेवून बनवलेली होती ती दुसरी पायरी. आणि हे एक दिवस थांबलं तर बँकवाले माझ्या दारात उभे राहतील."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "पूर्ण घ्या असं तूच म्हणालीस."

तो इंजिनियर खरं बोलला होता, आणि ते तिने ह्याच कानांनी ऐकलं होतं, ह्याच्या शेजारी बसून.

"तू मात्र जायचं नाहीस," चेदोमिर म्हणाला. "कुमाला घरी पाठवलं तर माझा बाप थडग्यातून उठेल. तू चव बघ, बरण्यांवर नजर ठेव. बसून काम."

ती खिडकीशी आली. फाटकाबाहेर सगळ्या बायका उभ्या होत्या, एप्रनच्या वळकट्या काखेत धरून. त्या जात नव्हत्या. स्तोयांकाला कळलं की त्या तिच्यासाठी थांबल्या आहेत. मुकादमीण बाहेर येणार, चार शिव्या देणार, आणि मग सगळ्या मिळून घरी जाणार, असं त्यांनी धरलंच होतं. तिच्या शब्दावर त्या बिनघोर राहिल्या होत्या, तेव्हा तिने निदान बाहेर तरी यायला हवं होतं. रुमेनाने खिडकीत तिला पाहिलं आणि हाताने खूण केली, चल.

स्तोयांकाने एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला. मग तिच्या मनात हिवाळ्याचं सरपण आलं, गुडघे आले, आणि कुमाच्या तोंडावर दार आपटून जायचं कसं हाही विचार आला. हातमोजे घालून खुर्चीत बसायचं तिचं ते जुनं स्वप्नही आलं, खोटं कशाला बोला. तिने काचेतून बोटांनी खूण केली, उद्या. उद्या बोलू.

रुमेनाने खूण करणारा हात खाली घेतला. मग तिने वळकटी दुसऱ्या काखेत घेतली आणि चालू लागली, आणि तिच्यामागे बाकीच्याही गेल्या.

स्तोयांका चव बघत राहिली. आयवार गुळगुळीत होता, लालभडक होता, आणि तोंडात गेल्यावर काहीच होत नव्हतं. "कसा आहे?" चेदोमिर रोज विचारायचा, आणि ती रोज म्हणायची, "आहे." परदेशी व्यापाऱ्याने पहिला माल पाणचट म्हणून परत पाठवला, तेव्हा धुराच्या वासाची पावडर आली. त्याने वास आला. मग बरण्यांवर चिकटवायला नवी चिठ्ठी करायची ठरली आणि एक फोटो काढणारा आला. त्याने स्तोयांकाला जुन्या टेबलाच्या दोन फळ्यांशी बसवलं, तिच्या हातात एक भाजलेली मिरची दिली आणि जवळून फोटो घेतले. चेहरा नको म्हणाला, नुसते हात. त्या काळवंडलेल्या, ठसे नसलेल्या बोटांखाली ठळक अक्षरांत छापलं, 'हाताने सोललेला'. ती चिठ्ठी पाहून तिला हसूही आलं आणि लाजही वाटली. पण तिने तोंड उघडलं नाही. उघडायची वेळ तिने खिडकीतच घालवली होती.

रुमेना आणि आणखी काही जणी रोज पूल ओलांडून वेलिबोरकडे जायला लागल्या. त्याचं दुसऱ्या पायरीचं मशीन गावठी मिरची जमेल तशी सोलायचं, आणि राहिलेलं बायका पट्ट्याशी खुर्च्यांवर बसून वेचायच्या. हातमोजे घालून.

ऑक्टोबरात घरोघरच्या अंगणांतून धूर निघायला लागला. आज ह्या अंगणात, उद्या त्या. स्तोयांकाला रस्त्यावरून हसण्याचे आवाज ऐकू यायचे. पहिल्या अंगणात ती गेली नाही, लाज वाटली म्हणून. दुसऱ्यात स्टूल घेऊन गेली, तर बायका बोलता बोलता थांबल्या आणि कोणी सरकून जागा केली नाही. ती कॉफी न घेताच परत आली.

तिची पाळी रविवारची. ती पाळी इतकी जुनी होती की ती बदलायचं कोणाच्या डोक्यात येणार नाही, असं तिला वाटलं. तिने दरवर्षीइतक्याच गोण्या घेतल्या होत्या. कमी घेतल्या असत्या, तर कोणी येणार नाही हे आधीच कबूल केल्यासारखं झालं असतं. सकाळी तिने लाकडं पेटवली, पत्रा तापवला, धूर सरळ वर चढला, सगळ्या गावाला दिसेल असा. अंगणात स्टुलं मांडली. कॉफीचं मोठं भांडं चुलीवर ठेवलं, कप फडक्याने पुसून ओळीने लावले. दुपारपर्यंत सगळ्या मिरच्या भाजून पातेल्यांत गेल्या. ती सोलायला बसली आणि फाटकाकडे बघत राहिली.

कॉफी आटली. तिने परत ठेवली.

दुपार कलल्यावर फाटक वाजलं. ती इतक्या घाईने उठली की मांडीवरच्या मिरच्या मातीत पडल्या. फाटकाशी रुमेना होती, एकटी, आणि तिच्याकडे स्टूल नव्हतं. हातात एक बरणी होती.

"ये ना गं," स्तोयांका म्हणाली. "कॉफी ताजी आहे. आत ये."

"नाही, आत नाही येत." रुमेनाने बरणी फाटकाच्या खांबावर ठेवली आणि चिठ्ठीची बाजू तिच्याकडे वळवली. "दुकानात मिळाली. म्हटलं, स्तोयांकाचे हात इकडे पडलेत, तिचे तिला नेऊन द्यावेत. हाताने सोलतात म्हणे. सोलून घे ह्यांच्याकडून."

"रुमेना, मला काय माहीत होतं गं..."

"तुला नव्हतं माहीत?" रुमेनाचा आवाज चिरकला. "मशीनचं नसेल माहीत, ते मी कधी बोलले का? त्या दिवशी आम्ही फाटकाशी उभ्या होतो. तुला फक्त बाहेर यायचं होतं. काही करायचं नव्हतं, नुसतं बाहेर यायचं होतं."

तिने डोळे पुसले, आणि पुसताना दिसले म्हणून तिला आणखीनच राग आला. ती गेली. शेजारचं दार धाडकन लागलेलं स्तोयांकाला ऐकू आलं.

ती परत बसली. दोन हातांनी किती सोलणार? एक पातेलं संपेपर्यंत बाकीची गार झाली. साल गराला घट्ट धरून बसली, ओढली की गराचे लचके निघायला लागले. गांधीलमाश्या ढिगावर घोंगावत होत्या. सकाळपर्यंत ठेवलं तर सगळं आंबणार, आणि मग फळी रिकामी. बोटं तर कधीचीच सुन्न झाली होती. अंधार पडायच्या आत हे उरकायला हवं होतं.

ती उठली. अर्धवट भरलेलं पातेलं उचलून तिने अंगणातल्या नळाखाली ठेवलं. क्षणभर ती तशीच वाकून उभी राहिली आणि कुंपणापलीकडे पाहिलं. मग नळ सोडला.

साल भराभर सुटायला लागली. काळे पापुद्रे पाण्यावर तरंगले आणि मोरीकडे वाहत गेले, आणि त्यांच्याबरोबर सकाळपासूनचा सगळा धूरही. गार पाण्यात बोटांना बरं वाटत होतं. ती एकेक मिरची पाण्यात धरत होती, सोडत होती, दुसरी धरत होती, आणि तिच्या हातावर चापट मारायला अंगणात कोणी नव्हतं.